न्हाणीघर आणि तीन मीटर

राहत्या घराला एक न्हाणीघर जोडावे, ही इच्छा मला आजही फारशी महत्त्वाकांक्षी वाटत नाही. लोक गच्चीवर पोहण्याचा तलाव करतात. एका गृहस्थाने दिवाणखान्यात धबधबा केलेला मी स्वतः पाहिला आहे. पाणी खाली येताना टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, हा त्याचा एकमेव सिद्ध झालेला उपयोग. मला फक्त तळमजल्यावर एक न्हाणीघर हवे होते, आणि तेही आईसाठी.

आईच्या खुब्याचे हाड मोडले, यथावकाश जुळले, आणि डॉक्टरांनी "जिना आता कायमचा बंद" असे सांगून टाकले. आमचे न्हाणीघर वरच्या मजल्यावर. त्यामुळे आई ताईकडे राहिली होती. परंतु ताईच्या यजमानांची बदली झाली आणि तीस तारखेला त्यांचा मुक्काम हलणार हे ठरले. त्यानंतर आईने एक तर आमच्याकडे यायचे, किंवा ताईने सावधगिरी म्हणून ज्येष्ठांच्या एका निवासात जी खाट राखून ठेवली होती तिथे जायचे. आई ती जागा पाहून आली तेव्हा मी फोनवर विचारले, "कशी आहे?"

"छान आहे," आई म्हणाली. "सगळे माझ्याशी बालवाडीतल्या मुलीशी बोलावं तसं बोलतात. मोठी खिडकी आहे. उघडत नाही." मग म्हणाली, "तुझं तू मोजून घे सावकाश. माझी काही घाई नाही."

आईला घाई नाही, हे वाक्य मी पंचावन्न वर्षे ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ लावण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. मी फोन ठेवला आणि टेप घेऊन अंगणात गेलो.

"मोजून घे" या शब्दांतला टोमणा समजण्यासाठी माझा व्यवसाय सांगणे भाग आहे. इतरांची मापे बरोबर आहेत की नाहीत हे जिथे मापले जाते, त्या प्रयोगशाळेत मी प्रमुख आहे. काटे, वजने, मापे, टेप यांची मूळ मानकांशी तुलना करून आम्ही त्यांवर शिक्का मारतो. जगातले मीटर माझ्या सहीवाचून मीटर नाही, असा माझा दावा नाही. या शहरातले नाही, एवढे मात्र मी नम्रपणे म्हणू शकतो. कोणतेही मोजमाप त्यातील संभाव्य चुकीसह सांगितले पाहिजे. तसे न सांगितलेल्या आकड्याला आमच्या शास्त्रात गप्पा म्हणतात. माझी पत्नी याला स्वभावदोष म्हणते. तिच्याकडे सव्वीस वर्षांची निरीक्षणे आहेत, त्यामुळे मी वाद घालत नाही.

न्हाणीघर कुठे बसेल याचा मी पद्धतशीर विचार केला. घराच्या मागे स्वयंपाकघर आहे आणि त्यापलीकडे नियमाला पुरेल एवढीच मोकळी जागा. पुढे रस्ता. आत जिन्याखाली एक कोपरा आहे, त्याची उंची एक मीटर चाळीस सेंटिमीटर. आई उंच नाही, पण इतकीही नाही. उरली घराच्या डाव्या हाताची पट्टी. घराच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत चार मीटर सहाशे सतरा मिलिमीटर, अधिक-उणे चार. ही मापे मी सकाळी साडेसहाला, टेप तापण्यापूर्वी, पाच ठिकाणी घेतली.

"सकाळी सकाळी काय शोधताय, प्रोफेसर?" कुंपणावरून प्रश्न आला.

मी प्रोफेसर नाही आणि कधी नव्हतो. परंतु आमचे शेजारी निवृत्त विमा अधिकारी असून, माणसाला एकदा चिकटलेले नाव बदलणे त्यांच्या नियमांत बसत नाही. ते प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असे सुरू करतात, म्हणून घरात आम्ही त्यांना 'अनुभवी' म्हणतो. समोर अर्थातच काका.

"आईसाठी खाली बाथरूम काढायचं म्हणतोय, काका."

"माझा अनुभव सांगतो. नुसतं बाथरूम काढू नका. मिस्तरी एकदा आलाच आहे तर खोली काढा. खोली काढलीच तर वर अजून एक चढवा. पाया तोच!"

"आणि परवानगी?"

अनुभवी माझ्याकडे करुणेने पाहत राहिले. "हा जिना बघताय?" त्यांच्या घराला बाहेरून एक लोखंडी जिना आहे. तो थेट आमच्या कुंपणाच्या दिशेने उतरतो आणि त्याच्याखाली कपडे धुण्याचे यंत्र, दोन सायकली आणि एक देवदारी कपाट सुखाने नांदतात. "तात्पुरता म्हणून टाकला होता. सतरा वर्षं झाली. आठ वर्षांपूर्वी माणूस आला, टेप लावला, सही करून गेला. पास!"

तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य नेमके किती असते, हा संशोधनाचा विषय आहे. मी मात्र रीतसर जायचे ठरवले. या कथेतील माझी पहिली चूक कोणती, असे कोणी विचारल्यास, सगळे एकमताने हेच वाक्य दाखवतात.

आर्किटेक्ट बाई हुशार होत्या. त्यांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवून "तुमच्या अपेक्षा काय?" असे विचारले, आणि इथे अनुभवींचे बी रुजले असल्याचे उघडकीस आले. पत्नी म्हणाली, खोली होतच असेल तर धुणी वाळत घालायला छोटी गॅलरी बरी. मी म्हणालो, माझ्या उपकरणांना एक कंपनरहित ओटा. बाईंनी सगळे लिहून घेतले आणि चार दिवसांनी एक देखणा नकाशा आणला. त्यात आईची खोली होती, गॅलरी होती, ओटा होता, आणि या सर्वांच्या पोटातून आरपार जाणारी एक लाल रेघ होती.

"ही काय?"

"सामासिक अंतर. साइड मार्जिन म्हणतात ते. हद्दीपासून तीन मीटर काहीही बांधायचं नाही. तुमच्या अपेक्षा रेघेच्या त्या बाजूला आहेत."

"आणि या बाजूला?"

"एक मीटर साठ."

सामासिक अंतर ही कल्पना मोठी उदात्त आहे. दोन घरांमध्ये हवा, उजेड आणि अग्निशमन दलाचा बंब खेळता राहावा, म्हणून प्रत्येक मालकाने स्वतःच्या जमिनीचा काठ मोकळा ठेवायचा. ही जमीन तुमचीच असते. तिच्यावर तुम्ही उभे राहू शकता, गवत वाढवू शकता, आणि शेजाऱ्याच्या जिन्याकडे बघू शकता.

गॅलरी गेली. ओटा गेला. खोली गेली, आईची खाट दिवाणखान्यात पडदा लावून टाकायचे ठरले. उरले ते मूळचे न्हाणीघर, घराला बाहेरून चिकटलेले. एवढा वळसा घालून आम्ही सुरुवातीच्या जागी पोचलो, यात सतरा दिवस गेले. बाईंनी नव्या नकाशावर सामासिक अंतर तीन मीटर असे लिहिले. मी तिथे नम्रपणे 'अधिक-उणे चार मिलिमीटर' जोडायला लावले.

"असं कुणी लिहीत नाही हो," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच," मी म्हणालो.

पालिकेच्या बांधकाम विभागात एक लांबट खोली आहे, आणि तिच्या टोकाला काचेमागे एक कारकून बसतात. त्यांनी माझी फाइल उघडली, नकाशा उलगडला आणि बोट नेमके त्या चिन्हावर ठेवले. चांगल्या माणसाची नजर नेमकी अडते, हे मी मान्य करतो.

"हे काय?"

"अधिक-उणे. मोजमापातली अनिश्चितता."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"उलट. किती माहीत नाही, हे मला नक्की माहीत आहे."

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. "चार मिलिमीटर उणे धरले तर दोन मीटर नऊशे शहाण्णव होतात. नियम तीन मीटरचा. म्हणजे अंतर कमी आहे, असं तुम्ही स्वतःच सहीनिशी लिहून दिलंय."

"कमी असू शकतं, असं."

"साहेब, या खिडकीतून रोज तीस नकाशे जातात. तीसच्या तीस नकाशांत तीन मीटर असतं. एकानेही आजवर स्वतःविरुद्ध तक्रार केलेली नाही."

तर्कदृष्ट्या त्यांच्यात खोट काढता येईना, हेच मला अधिक झोंबले. घरी आल्यावर मी भिंत एक सेंटिमीटर आत घेऊन नकाशा दुरुस्त करवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी उभा राहिलो. कारकुनांनी सांगितले की नकाशा बदलला म्हणजे अर्ज नवा, आणि आजच सुरू झालेल्या या महिन्यापासून नव्या अर्जाला हद्दीच्या मोजणीचा दाखला लागतो. काल लागत नव्हता.

"काल नुसतं तीन मीटर लिहून आणला असता तर?"

"तर आत्तापर्यंत विटा आल्या असत्या," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात दुष्टावा नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

मोजणीसाठी आलेल्या भूमापकांनी तिपाई मांडली, आणि त्यांचे काम मला मनापासून आवडले. शांत माणूस, स्वच्छ भिंग, आकडे दोनदा वाचण्याची सवय. दोन तासांनी त्यांनी कुंपणाच्या भिंतीच्या अलीकडे, आमच्या अंगणात, दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना पांढरा रंग दिला.

"तुमची हद्द ही," ते म्हणाले. "भिंत एकवीस सेंटिमीटर पलीकडे बांधलीय."

मी म्हणालो, "मोजणी फार सुरेख केलीत."

पत्नी नंतर म्हणाली की जमीन गेल्यावर अशी दाद देणारा माणूस तिने प्रथमच पाहिला.

एकवीस सेंटिमीटरची ही वार्ता अनुभवींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, कारण ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच उभे होते. सत्तर वर्षांच्या माणसात इतका झटपट बदल मी पाहिलेला नाही. संध्याकाळी ते हातात पिवळा दोरा घेऊन आले आणि त्या दोन खुंट्यांना बांधून गेले. "शेजारधर्म वेगळा आणि हद्द वेगळी," ते म्हणाले. "तुम्हीच तर काटेकोर आहात, प्रोफेसर." दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या पलीकडे तीन कुंड्या आल्या. एकवीस सेंटिमीटरच्या पट्टीत बसतील अशा कुंड्या त्यांनी कुठून मिळवल्या, हे मला अद्याप कळलेले नाही.

आता भिंतीची जाडी वजा जाता न्हाणीघराची आतली रुंदी उरली एक मीटर पंचवीस. आईच्या वॉकरची रुंदी बासष्ट सेंटिमीटर. कागदावर हे जमत होते. पण कागद चालत नाही आणि घसरून पडत नाही. म्हणून मी दिवाणखान्यात जमिनीवर खडूने आराखडा काढला, फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे उभे करून भिंती केल्या, कमोडच्या जागी वेताचा मोडा ठेवला आणि ताईकडून वॉकर एका दुपारपुरता मागवून स्वतः प्रयोग केला. पत्नी हातात वही घेऊन परीक्षक म्हणून बसली.

"आता आई दार उघडून आत येतात," ती म्हणाली.

मी आत आलो. दार आतल्या बाजूला उघडणारे असल्यामुळे वॉकर, दार आणि मी यांच्यात एक त्रिकोण तयार झाला आणि त्यातून कोणालाही बाहेर पडता येईना.

"आता आई काय करतात?"

"दार सरकतं हवं," मी पुठ्ठ्याआडून म्हणालो.

"लिहिलं. पुढे?"

"बेसिन भिंतीत वर टांगायचं. खाली पाय नको. उंबरठा नको. आधाराची दांडी बसल्यावर हाताला लागेल अशी." मी वळण्याचा प्रयत्न केला, वॉकरचा मागचा पाय मोड्यात अडकला आणि मी पूर्वेकडची भिंत घेऊन आडवा झालो. नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून अनुभवींचा चेहरा दिसला.

"वहिनी, सगळं ठीक आहे ना?"

"हो काका," पत्नी वहीतून मान वर न करता म्हणाली. "ते सध्या आई झालेत."

परवानगी आली तेव्हा महिन्यातले बारा दिवस उरले होते. मिस्तरी कामाला लागला. हा माणूस भिंत डोळ्यांनी सरळ करतो आणि ती सरळच असते, हे मी ओळंबा लावून खात्री करून घेतले. त्याला त्याचा राग आला नाही, फक्त वाईट वाटले. त्याची मापे मात्र शरीराबरोबर जन्मलेली होती. बोट, वीत, हात. मी त्याला मिलिमीटरमध्ये लिहिलेला तक्ता दिला. त्याने तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला वाटते, तो आजही तिथेच असेल.

मी रोज संध्याकाळी मोजत होतो. परंतु तीन दिवस प्रयोगशाळेत वार्षिक तपासणी होती आणि मला तिकडेच राहावे लागले. चौथ्या दिवशी परतलो तेव्हा बाहेरची भिंत उभी राहून तिला गिलावाही झाला होता. मी दोऱ्यापासून टेप लावला. दोन मीटर चौऱ्याण्णव. पुन्हा लावला. दोन मीटर चौऱ्याण्णव. पाच ठिकाणी लावला. विज्ञान अशा वेळी फार निर्दय असते.

"मिस्तरी, ही भिंत बाहेर गेली आहे."

"गेली नाही साहेब, मी नेली," तो शांतपणे म्हणाला. "चार बोटं."

"का?"

"परवा वहिनींनी आजींच्यासारखाच वॉकर भाड्याने आणून ठेवला ना, तो घेऊन मी आत जाऊन बघितलं. वळताना हात भिंतीला घासतो. म्हातारं माणूस, ओला हात. चार बोटांत सुटतं बघा. माझ्या आईला असंच झालं होतं. आम्ही भिंत सरकवली नाही, मग ती पडली."

मी वॉकर घेऊन आत गेलो आणि वळलो. हात सुटत होता. सहा सेंटिमीटरांनी मी बेकायदेशीर झालो होतो, आणि न्हाणीघर प्रथमच उपयोगी झाले होते.

"पाडायची तर पाडतो," मिस्तरी म्हणाला. "पण महिनाअखेर होत नाही मग."

पालिकेची व्यवस्था अशी: बांधकाम झाले की कनिष्ठ अभियंता येऊन अंतर मोजतो, ते बरोबर असेल तर पूर्णत्वाचा दाखला देतो, आणि तो दाखला असल्याशिवाय सांडपाण्याचा पाइप रस्त्याकडेच्या चेंबरला जोडता येत नाही. घरातून पाणी आत येऊ शकते. बाहेर जायला दाखला लागतो. मिस्तरीने नियमाप्रमाणे आमचा पाइप चेंबरच्या अलीकडे हातभर अंतरावर उघडा सोडला होता. पाहणीची तारीख मिळाली अठ्ठावीस. त्याच सकाळी ताईने सामान बांधायला घेतले आणि पायात पाय नको म्हणून आईला आमच्याकडे आणून सोडले, दोन पिशव्या आणि वॉकरसह.

"निवासवाल्यांना दुपारी चारपर्यंत कळवायचंय," ताई दारातूनच म्हणाली. "खाट ठेवायची की सोडायची, ते सांग."

आई दिवाणखान्यात खुर्चीवर बसली. तिथून खिडकीतून ती पट्टी, तो दोरा आणि त्या कुंड्या दिसतात. "हेच का ते तीन मीटर?" तिने विचारले. "मला वाटलं, काहीतरी मोठं असेल."

अकराला अभियंता आला. तरुण नव्हता, कंटाळलेला होता. अनुभवी आपल्या एकवीस सेंटिमीटरच्या रक्षणार्थ दोऱ्यापलीकडे हजर होते. अभियंत्याने पिशवीतून टेप काढला, कडी मिस्तरीच्या हातात देऊन दोऱ्यावर धरायला सांगितले, डबी भिंतीला भिडवली आणि वाचले: "तीन दोन. तीन मीटर दोन सेंटिमीटर. ठीक." आणि तो लिहू लागला.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ होता: गप्प राहा. मी गप्प राहणारच होतो. हे मी शपथेवर सांगतो. परंतु माझी दृष्टी मिस्तरीच्या हाताकडे गेली, आणि टेपच्या टोकाला जिथे शून्य असायला हवे, तिथे कडी एका तारेने बांधलेली होती. कडीपाशी आठाचा आकडा होता. पहिले आठ सेंटिमीटर टेपला नव्हतेच.

"या टेपला सुरुवात नाही," माझ्या तोंडून निघून गेले.

अभियंता थांबला. त्याने टेपच्या टोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुटली होती. बांधून घेतली."

"केव्हा?"

"झाली आठ-दहा वर्षं."

"म्हणजे आठ-दहा वर्षं तुम्ही घेतलेलं प्रत्येक अंतर प्रत्यक्षात आठ सेंटिमीटर—"

"प्रोफेसर!" दोऱ्यापलीकडून एक आर्त हाक आली. अनुभवींचा चेहरा पांढरा पडला होता. गणित त्यांना लवकर येते, हा विमा व्यवसायाचा गुण. "जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं? माझा अनुभव सांगतो, शांत बसा. कुंड्या नको असतील तर उचलतो मी. आत्ता उचलतो." आणि त्यांनी खरोखर एक कुंडी उचलली.

अभियंत्याने टेपची डबी पालथी करून माझ्यासमोर धरली. "यावर शिक्का आहे. प्रमाणित. ही खालची सही बघा."

सही माझी होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, टेप पुरता होता तेव्हाची. माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेत माझ्याच सहीने मला असे कोंडीत पकडण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"आता असं आहे," अभियंता अजिबात न रागावता म्हणाला. "मी तीन दोन लिहितो आणि जातो. नाहीतर तुम्ही हरकत घ्या. लेखी. मग हा टेप तपासायला जाईल, तो तपासून येईपर्यंत पाहणी स्थगित, दाखला स्थगित. तुमच्याच प्रयोगशाळेत जाईल. किती दिवस लागतात तुमच्याकडे?"

मी खरे ते सांगितले. "पाच महिने."

"पाच?"

"काम काळजीपूर्वक होतं."

पत्नीने डोळे मिटून घेतले. अभियंत्याने पेन माझ्यापुढे धरले. मला एवढेच स्पष्ट करायचे होते की, मोजमाप चुकीचे आहे हे माहीत असूनही त्याखाली सही करणे आणि ते माहीत नसताना सही करणे, या दोहोंमध्ये तत्त्वतः फरक आहे. आणि हा फरक तीन टप्प्यांत कसा मांडता येईल याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. पहिला टप्पा मी मोठ्याने सुरूही केला होता.

तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. टक, टक, टक. मग सरकते दार सरकले. मग कडी लागली.

"आई?" मी खिडकीतून हाक मारली. "आई, ते अजून चालू नाही!"

"तुमचं चालू दे," आतून आई म्हणाली. "मला तासभर झाला बसून. चार वाजेपर्यंत मला काही दम निघायचा नाही."

नळ सुटल्याचा आवाज आला. नंतर फ्लशचा. उत्तम दाबाचा फ्लश होता, पत्नीने निवडलेला. आम्ही सगळे त्या उघड्या पाइपाकडे पाहू लागलो. त्याच्यापुढे अभियंता उभा होता.

पुढच्या काही सेकंदांचे वर्णन मी करणार नाही. अभियंत्याने मागे उडी मारली, ती माझ्या अंदाजे एक मीटर दहा भरली. सर्व ऐवज सामासिक अंतरातून, उताराप्रमाणे, दोऱ्याखालून अनुभवींच्या हद्दीत गेला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी ती हद्द आमची असल्याचे ओरडून सांगितले.

"हे ताबडतोब जोडा!" अभियंता पॅन्ट झटकत ओरडला. "उघड्यावर सांडपाणी! आरोग्याचा प्रश्न आहे हा!"

"दाखला नाही ना साहेब," मिस्तरी निष्पापपणे म्हणाला.

"आरोग्याच्या कारणासाठी तातडीची जोडणी देता येते. कलम आहे." त्याने तिथेच कुंपणाच्या भिंतीवर कागद ठेवून आदेश लिहिला. मिस्तरीने वीस मिनिटांत पाइप जोडला. सांधा त्याने आधीच घासूनपुसून ठेवलेला होता, हे मला नंतर जाणवले. अंतराच्या रकान्यात अभियंत्याने लिहिले: 'मालकाची तोंडी हरकत. टेप तपासणीसाठी पाठवावा. तोवर वापर चालू ठेवण्यास हरकत नाही.' त्याखाली मी सही केली. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते.

आई बाहेर आली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "हात घासत नाही कुठे," ती मिस्तरीला म्हणाली. "छान केलंस रे." मग मला, "ताईला फोन लाव. खाट सोडायला सांग."

टेप मागच्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत आला. आवक नोंदवहीत त्याचा क्रमांक चारशे बारा आहे. सध्या आमचे काम दोनशे सदुसष्टवर चालू आहे. अभियंत्याचा एकदा फोन येऊन गेला, जरा लवकर होईल का म्हणून. अनुभवींनी मात्र जमेल तितके सावकाश करण्याची विनंती केली, आणि सोबत एक कुंडी पाठवली. ती मी साभार परत केली आणि दोघांनाही एकच उत्तर दिले. रांग मोडून कोणाचेही काम पुढेमागे करणे माझ्या तत्त्वात बसत नाही. या बाबतीत माझा काटेकोरपणा सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय रांगेत टेपच्या आधी असलेल्या एका वजनाच्या बाबतीत मला अलीकडेच थोडी शंका आली आहे. ते पुन्हा पाच वेळा तपासावे लागेल. सकाळी साडेसहाला, तापण्यापूर्वी.